बांधावरची बाभूळ आणि खोडलेली दोन पानं : घरशिक्षणातल्या निसर्ग निरीक्षणाचं एक प्रकरण

हे एका कुटुंबाचं पहिलं वर्ष आहे. त्यांच्या परवानगीनं लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, माणसांची नावं मुद्दामच घेतलेली नाहीत. मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. या घराशी जुना परिचय असल्यामुळे मुलांच्या आईनं मला बोलावलं होतं. माझे काही सल्ले उपयोगी पडले, एक साफ चुकला. दोन्ही खाली येतील.

पार्श्वभूमी

बोरी नदीच्या अंगाला, अमळनेर आणि पारोळ्याच्या पट्ट्यातलं गाव. घरात आई, बाबा, सत्तरी ओलांडलेले आप्पा म्हणजे मुलांचे आजोबा, दहा वर्षांची थोरली आणि सात वर्षांचा धाकटा. बाबांचं तालुक्याला कृषी सेवा केंद्र आहे. घरची पाच एकर शेती, कापूस, मका आणि थोडी ज्वारी. आई वाणिज्य शाखेची पदवीधर.

मुलांना शाळेतून का काढलं, हा त्या घराचा प्रश्न आहे आणि इथे त्याची गरज नाही. एवढंच सांगतो की निर्णय रागात झालेला नव्हता. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे आणि घरशिक्षणाबद्दल त्यात वेगळी तरतूद नाही, हे त्यांनी वाचलं होतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष परीक्षा असतात, तो रस्ता त्यांनी पुढे धरून ठेवला होता. भाषा आणि गणित यांची घडी जूनमध्येच बसली. अडलं ते निसर्गाच्या विषयावर, आणि तेही चहूकडे शेत असलेल्या घरात.

अडचण नेमकी काय होती

जुलैत पहिल्यांदा गेलो तेव्हा आईनं थोरलीची निसर्गवही पुढे ठेवली. इंटरनेटवरून घेतलेला छत्तीस आठवड्यांचा छापील आराखडा होता. त्याप्रमाणे पहिल्या आठवड्यात मेपलची पानं, दुसऱ्यात ओकची फळं, तिसऱ्यात लाल छातीचा रॉबिन. पुढे पानगळ, मग बर्फ. चित्रं सुंदर होती, पानांच्या शिरासुद्धा नीट काढलेल्या. सगळी मोबाइलवर बघून काढलेली. त्या चार आठवड्यांत मुलं या विषयासाठी एकदाही उंबऱ्याबाहेर गेली नव्हती.

मी थोरलीला विचारलं, “दारातलं हे झाड कोणतं गं?”

ती म्हणाली, “आप्पांच्या खाटेचं.”

झाड करंजाचं होतं. त्या दिवशी मला वाईट वाटलं, की दहा वर्षांच्या मुलीला दारातलं झाड माहीत नाही. आज तसं वाटत नाही. दुपारी सर्वांत दाट सावली तिथे पडते म्हणून आप्पांची खाट तिथे असते, हे तिनं पाहिलेलं होतं. त्या वहीत नसलेलं पहिलं खरं निरीक्षण तेच होतं, आणि ते माझ्या कानावरून निसटलं.

धाकट्याची अडचण वेगळी. त्याला बसवून चित्र काढायला लावलं की तो पाच मिनिटांत रडकुंडीला यायचा. आई म्हणायची, “याला निसर्गाची आवडच नाही.” तोच मुलगा मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर अंगणात लाल मखमली किडे काडेपेटीत गोळा करत बसला होता. ते आईनं अभ्यासात धरलं नव्हतं.

आईशी बोलल्यावर तिच्या मनातलं बाहेर आलं. तिला स्वतःला झाडांची, पाखरांची नावं येत नव्हती. ‘मलाच येत नाही ते मी काय शिकवू’ हा तिचा खरा घोर. त्यात पावसाळ्यात बांधाला साप. आणि गल्लीतल्या बायका विचारणार, शाळा सोडून पोरं रानात काय हिंडताहेत?

समोरचे पर्याय

आम्ही चौघं मोठी माणसं करंजाखाली बसलो आणि बोललो.

छापील आराखडाच ठेवायचा, मेपलच्या जागी पिंपळ आणि रॉबिनच्या जागी दयाळ घालायचा, असं आईच्या मनात होतं. पैसे भरलेले होते, त्यामुळे मोह साहजिक होता. पण त्या आराखड्याचा सांगाडाच चार ऋतूंचा. आपल्याकडे निंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, आणि लगेच नवी पालवी अन् मोहर. सर्वांत जास्त उलथापालथ पावसाच्या चार महिन्यांत. शब्द बदलून ते वेळापत्रक इथे बसलं नसतं.

बाबांना सहली हव्या होत्या. महिन्यातून एकदा पाटणादेवी, यावलचं अभयारण्य, अनेर धरण. मुलं खूश होतील, हे खरं. पण महिन्यातून एकदा पाहिलेल्या जागेत काय बदललं ते कळत नाही, कारण आधी काय होतं तेच माहीत नसतं.

जळगावला एका शिबिरात घालण्याचाही विचार झाला. अंतर पाहून तो पाच मिनिटांत सुटला.

मी सुचवलं ते असं: घरापासून चालत जाता येईल अशी एकच जागा निवडा. आठवड्यातून दोनदा, अर्धा-पाऊण तास, पूर्ण वर्ष. नावं आली नाहीत तरी चालतील. आईनं विचारलं, “मग शिकवायचं काय?” मी म्हटलं, “सध्या काहीच नाही. त्यांच्याबरोबर बघा.” ते तिला पटायला दोन आठवडे लागले. पटलं तेही माझ्यामुळे नव्हे, आप्पांमुळे.

जागा कशी ठरली

शेताच्या कडेला बांधावर एक जुनी बाभूळ आहे. खाली विहीर, फांद्या विहिरीवर झुकलेल्या. आप्पा रोज सकाळी तिकडे जातात. एके दिवशी त्यांनी नातवाला हाक मारली, “आठे ये. देख, खोपा बांधी ऱ्हायना तो.” धाकटा गेला आणि तासभर परत आला नाही. आई शोधत गेली तर आजोबा-नातू दोघं मान वर करून बसलेले. सुगरणीची वसाहत होती. विहिरीवर झुकलेल्या फांद्यांना अर्धी, पाऊण, पुरी अशी घरटी लटकलेली.

जागेचा प्रश्न तिथेच मिटला. मला वाटतं, निवडीचा निकष हाच असावा: मूल न सांगता जिथे तासभर थांबलं ती जागा. मी नकाशावर नाल्याचा काठ सुचवला होता. तो बाजूला पडला, ते बरं झालं.

सापाची भीती मात्र खोटी नव्हती. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही आपल्या भागात आहेत. म्हणून गमबूट, पुढे मोठं माणूस, हातात काठी, बिळात किंवा दगडाखाली हात घालायचा नाही. काही झालंच तर मांत्रिक नको, आवळपट्टी नको, सरळ सरकारी दवाखाना. विहिरीला कठडा होता, तरी धाकट्यासाठी एक दगड ठरवला. त्याच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. बाबांनी आणखी एक नियम घातला, तो मला सुचला नसता: कपाशीवर फवारणी झाली की त्या बाजूला अजिबात जायचं नाही. डब्यांवरचे लाल, पिवळे, निळे, हिरवे त्रिकोण म्हणजे विषारीपणाची पायरी, हे त्यांनी मुलांना दुकानात नेऊन दाखवलं.

काय केलं

वहीच्या प्रत्येक पानावर तारीख, वेळ, जागा, ढग-ऊन-वारा, मग जे दिसलं ते, आणि शेवटी एक प्रश्न. धाकट्यानं लिहायचं नाही. तो सांगेल, आई त्याच्याच शब्दांत लिहील. हा बदल केल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्याचं रडणं थांबलं.

ऋतूंच्या जागी आप्पांची नक्षत्रं आली. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. साधारण तेरा-चौदा दिवसांचं एक, म्हणजे चार फेऱ्यांचा एक कप्पा. शेतकरी घरात ही नावं रोज तोंडात असतात. “पुनर्वसूत काय नवीन?” हा प्रश्न आईला विचारता येऊ लागला आणि त्याचं उत्तर आप्पाही देऊ लागले.

पहिल्या महिन्यातल्या दोन नोंदी मला विशेष वाटतात. एक धाकट्याची. काडेपेटीतल्या मृगाच्या किड्यांपैकी एक मेलेला किडा त्यानं जपून ठेवला होता. भिंगाखाली त्यानं पाय मोजले. आठ. बाबांनी दुकानातल्या तक्त्यावर दाखवलेल्या प्रत्येक किडीला सहा पाय होते. तो दोन दिवस म्हणत राहिला, “याला दोन जास्त आहेत, हा किडा नाही.” बरोबर होतं त्याचं. तो कोळ्यांच्या नात्यातला, कीटक नव्हेच. हे मी त्याला आधी सांगितलं असतं तर त्याला ते दोन दिवस मिळाले नसते.

दुसरी थोरलीची. तिनं लिहिलं: “पिवळ्या डोक्याचाच विणतो. मातकट रंगाची येते, आत जाते, बाहेर येते, निघून जाते. ती काहीच विणत नाही. ती सुगरण आहे की तो?” आपल्या भाषेनं या पाखराला बाईचं नाव दिलं आणि खोप्याचं कौतुक मादीच्या पदरात टाकलं. प्रत्यक्षात विणकाम नराचं. तो टोपीसारखं अर्धं घरटं करून थांबतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलं तरच तो खालची नळी पूर्ण करतो. न पटलेली अर्धी घरटी तशीच लटकत राहतात. सलीम अलींनी १९३० च्या सुमाराला किहीमला हेच पाखरू बसून पाहिलं आणि एक नर पाठोपाठ अनेक माद्यांशी घर मांडतो हे दाखवून दिलं. थोरलीच्या प्रश्नाचं उत्तर मी तीन आठवडे दिलं नाही. तोवर तिनं अर्धी आणि पुरी घरटी वेगळी मोजायला सुरुवात केली होती.

मोबाइलवरचं पक्षी ओळखायचं ॲप बांधावर काढायचं नाही, घरी आल्यावर, लिहून झाल्यावर, असंही ठरलं. नाव कळलं की मुलं बघणं थांबवतात, हे मी वर्गात शंभर वेळा पाहिलं आहे. आप्पांची अहिराणी नावं आधी लिहायची, मराठी नंतर.

बाबांच्या दुकानाचा विचार मी फार उशिरा केला. हा माणूस रोज मावा, तुडतुडे, फुलकिडे, बोंडअळी यांच्यावरच बोलतो. त्याला किडीचा जीवनक्रम तोंडपाठ, कारण त्यावरच त्याचं गिऱ्हाईक अवलंबून. पण ‘हे निसर्ग निरीक्षणात येतं’ असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. ऑगस्टमध्ये त्यानं कपाशीचं पान उलटून मुलांना मावा दाखवला आणि तो खाणारा ढालकिडाही. त्या दिवसापासून रविवारची फेरी त्याची झाली.

वहीतली दोन पानं

सप्टेंबरमध्ये गणपती आले, पाठोपाठ दोन्ही मुलांना ताप. दहा-बारा दिवस बांधावर कुणी गेलं नाही. पुढच्या भेटीत मी वही चाळली तर त्या दिवसांच्या तारखांची दोन पानं भरलेली. घरट्यांचा आकडा, वेळ, ढग, सगळं नीटनेटकं. एका पानावर तर ‘रानपिंगळा दिसला’ अशी नोंद.

आईलाही ते खटकलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. या प्रकरणातला सर्वांत नाजूक क्षण हाच. आम्ही दोघं अंगणात जाऊन बोललो. आईचं म्हणणं, रागवायला हवं, खोटं ते खोटं. मला आधी कारण हवं होतं, ते आईच्याच बोलण्यातून निघालं. ऑगस्टच्या अखेरीस तिनं नियम केला होता: आठवड्याला दोन पानं भरलीच पाहिजेत, नाहीतर मोबाइल नाही. गल्लीतल्या कुणी विचारलं तर दाखवायला भरलेली वही हवी, म्हणून. मुलीनं नियम पाळला होता.

मग मी थोरलीला रानपिंगळ्याची हकिगत सांगितली. हा घुबडाचा छोटा भाऊबंद. ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. १८८४ मध्ये जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं आपल्याच खानदेशात त्याचे नमुने गोळा केले आणि चिठ्ठ्यांवर जागा नीट लिहिली. त्यानंतर तो कुणाला खात्रीनं सापडला नाही. रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात मात्र एक नमुना होता, चिठ्ठीवर १९१४ आणि गुजरातेतलं मांडवी. पुढे अमेरिकी पक्षी अभ्यासक पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने तपासले आणि कळलं, की तो नमुना डेव्हिडसनचाच, चोरून नव्यानं शिवलेला, वर खोटी चिठ्ठी लावलेला. त्या खोट्या चिठ्ठीमुळे लोक चुकीच्या जागी शोधत बसले. जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागावर रासमुसेन आणि त्यांचे सोबती आले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी.

शहाद्याकडे आप्पांच्या बहिणीचं सासर आहे. थोरली म्हणाली, “आत्याआजीकडे?” मग बराच वेळ काही बोलली नाही. मी तिला काही करायला सांगितलं नाही. संध्याकाळी तिनं त्या दोन पानांवर पट्टीनं तिरकी रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘न पाहता लिहिले.’ पानं फाडली नाहीत. रानपिंगळ्याच्या जागी तिनं नंतर भर घातली, की तापाआधी एकदा विहिरीच्या कपारीत ठिपक्यांचा साधा पिंगळा पाहिला होता, तारीख आठवत नाही.

आईनं दोन पानांचा नियम त्याच रात्री काढून टाकला. ‘गेलो नाही’ आणि ‘काही दिसलं नाही’ या दोन्ही नोंदी तेव्हापासून पूर्ण नोंदी मानल्या जातात.

माझा चुकलेला सल्ला

डिसेंबरमध्ये मी हतनूरला चला म्हणालो. तापी-पूर्णेच्या संगमावरचं धरण, हिवाळ्यात पाहुण्या पाखरांनी भरलेलं. मला स्वतःला ती जागा फार प्रिय आहे आणि त्या प्रेमानं माझा विचार झाकला गेला. पहाटे अंधारात निघालो. एकच दुर्बीण, पाच माणसं. चक्रवाक आणि बाकीची बदकं पाण्यात दूर, मुलांच्या डोळ्यांना नुसते ठिपके. मी नावांमागून नावं सांगत सुटलो, म्हणजे बांधावर जे करू नका म्हणत होतो तेच. परतीच्या वाटेवर थोरली गप्प आणि धाकटा झोपलेला. त्याच्या नोंदीत एकच गोष्ट आली: काठावरच्या तारेवर बसलेला खंड्या, त्यानं किती वेळा सूर मारला आणि किती वेळा चोच रिकामी आली. तो ठिपका नव्हता, जवळ होता. दुसऱ्या वर्षी, मुलांना दुर्बिणीचा सराव झाल्यावर, तीच सहल चांगली होईल असं मला अजूनही वाटतं.

निष्पत्ती

वर्षअखेरीस थोरलीकडे एक वही पूर्ण आणि दुसरी अर्धी आहे. करंजाचा मोहर, निंबाची पानगळ, पावशाची पहिली हाक यांच्या तारखा तिच्याकडे आहेत. फेब्रुवारीत चाळीसगावच्या रस्त्याला पळस पेटलेला दिसला तेव्हा तिनं गाडी थांबवायला लावली. धाकटा आता स्वतःहून दोन-तीन ओळी लिहितो. एप्रिल-मेच्या उन्हात पारा पंचेचाळिसाकडे गेला तेव्हा फेरी सकाळी सहाला नेली, आणि कधी कधी रात्री ओट्यावरच्या ट्यूबलाइटखाली पालीची शिकार बघत बसले. तेही वहीत आहे.

आईला आजही बरीच नावं येत नाहीत. पण मे महिन्यात ती मला म्हणाली, “सर, निंबोळी पिकली की बुलबुल आधी येतो, कावळा नंतर. तुमच्याकडे पण असंच का?” मला सांगता आलं नाही. मी तसं पाहिलेलंच नव्हतं.

सगळं जमलं असं नाही. थोरलीचं चित्र काढणं कमी झालं. पूर्वी ती सुंदर काढायची, आता आकडे आणि शब्द लिहिते. आईला त्याची हुरहुर आहे आणि मलाही. निरीक्षणावर इतका भर देताना तो हात आम्ही सुटू दिला.

परत सुरुवात करायची झाली तर

आप्पांना पहिल्या आठवड्यातच मधे घ्यायला हवं होतं. घरात सत्तर पावसाळे पाहिलेला माणूस असताना आम्ही छापील कागदांवर वाद घालत बसलो. बाबांना त्यांच्या धंद्याबद्दल पहिल्या भेटीतच विचारायला हवं होतं. वही पहिला महिनाभर घेतलीच नसती तरी चाललं असतं, विशेषतः धाकट्यासाठी. आणि ‘लोकांना काय दाखवायचं’ हा आईचा प्रश्न मी हसण्यावारी नेला, तिथे माझं चुकलं. त्या दडपणातूनच दोन पानांचा नियम निघाला. तेव्हाच बसून, परीक्षेची वही वेगळी आणि ही वेगळी, एवढं ठरवलं असतं तर मुलीवर ती वेळ आली नसती.

बाभळीचं

यंदा मेच्या अखेरीस शेजारच्या शेतकऱ्यानं निरोप पाठवला: बाभळीची सावली त्याच्या कपाशीवर पडते, झाड बांधावरचं आहे, पावसाआधी तोडू. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. सावलीखालच्या दोन ओळी दरवर्षी खुज्या राहतात, त्या मीही पाहिल्या. बाबा आणि तो बोलले. थोरली सोबत वही घेऊन गेली आणि मागच्या वर्षीचे घरट्यांचे आकडे तिनं त्याला वाचून दाखवले, खोडलेली दोन पानं सोडून. त्यानं विचारलं, ही दोन का नाही? तिनं सांगितलं.

दिवाळीपर्यंत झाडाला हात लावायचा नाही असं ठरलं आहे. तोवर पिल्लं उडून गेलेली असतील. त्यानंतरचं बोलणं व्हायचं आहे. शेजाऱ्याच्या बाजूच्या फक्त दोन फांद्या उतरवाव्यात असं आप्पा म्हणतात. विहिरीवरच्या फांद्यांना त्यानं धक्का लागत नाही.

काल आईनं नव्या वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. अक्षर धाकट्याचं: ‘मृग. सकाळी ६.४०. बांध. ढग आहेत, पाऊस नाही. जुनी घरटी ४, फाटलेली. पिवळ्या डोक्याचा एकही नाही. शेजारचे काका पण बघायला आले होते.’